हात जाईल एवढी खिडकी

प्रसेनजित गेला त्या दुपारी त्याची पेटी रिकामी होती.

शेडचं कुलूप उघडल्यावर मोईजला ती दिसली. गाडीत, स्वच्छ पुसलेली, वर फुलाफुलांची चादर घातलेली. मे महिना होता. पत्रे तापून आवाज करत होते. मोईज दारातच उभा राहिला. आपण इथे कशाला आलो हे त्याला माहीत होतं, पण हात पुढे होत नव्हते.

प्रसेनजित जेवून आडवा झाला होता. चहाला उठला नाही. आईने खांदा हलवला तेव्हा मान एका अंगाला कलली. डॉक्टर आले, छातीला नळी लावली, झटका म्हणाले आणि चपला घालून निघून गेले. तिशी नुकतीच ओलांडली होती त्याने. नांदुऱ्यात आणि आसपासच्या गावांत कोणाच्या घरी कोणी गेलं की लोक प्रसेनजितला फोन करत. आता त्याच्याच दारात जमलेली माणसं एकमेकांना विचारत होती, फोन करायचा कोणाला.

कोणीतरी म्हणालं, मोईजले करा.

मोईज फ्रीज आणि कूलर दुरुस्त करतो. स्टेशन रोडला त्याचं दुकान आहे. पेटीतलं मशीन त्याच्याच हातचं. पेटी म्हणजे मयत थंड ठेवायची पेटी. खाली पत्र्याचा ट्रे, पायथ्याशी मशीन, वर काचेसारखं दिसणारं पारदर्शक झाकण. मशीन मोईजचं होतं. बाकी सगळं प्रसेनजितचं.

त्याची आई जनकाबाई कापसाच्या जिनात सरकी झाडायला जायची. वडील हमाल होते. ते गेले तेव्हा प्रसेनजित पुण्याला एका गोदामात कामाला होता. निरोप मिळताच निघाला. पण तेव्हाही उन्हाळाच होता आणि लोक म्हणाले, थांबता येणार नाही. तो घरी पोचला तेव्हा अंगण झाडून झालं होतं. बहीण पूनम ओट्यावर बसली होती. त्याने तिला विचारलं, बाबा कसे दिसत होते? ती म्हणाली, झोपल्यावानी. पुढे कित्येक वर्षं तो मधूनच तिला हे विचारायचा. जेवताना, बसमध्ये, तिच्या लग्नाच्या मांडवातसुद्धा. ती दर वेळी तेच सांगायची.

तो पुण्याला परत गेला नाही. एका संस्थेने तालुक्यासाठी शीतपेटीची गाडी आणली होती. तिच्यावर ड्रायव्हर म्हणून लागला.

संस्थेची माणसं वाईट नव्हती. त्यांनी बाजारातली सगळ्यात मोठी पेटी आणली होती. तिच्यावर आकडे दिसायचे. आतलं तापमान ऑफिसातल्या मोबाईलवर कळायचं. नोंदणी ॲपवर. त्यात मयताच्या आधार कार्डाचा फोटो टाकावा लागे. आता म्हाताऱ्या माणसांचं आधार कार्ड असतं उशीखाली, आणि ती उशी उचलायला त्या वेळी घरातलं कोणी धजत नाही. पेटी बाजेपेक्षा रुंद. बोळात वळायची नाही, चौकटीत शिरायची नाही. मग ती चौकात ठेवायची आणि मयत घरातून तिच्याकडे न्यायचं. येणारे-जाणारे गाडी हळू करून बघत. बायका डोक्यावर पदर घेऊन रस्त्यात बसत.

दर महिन्याला मीटिंग व्हायची. पेटी किती तास चालली, तासाला खर्च किती पडला, हे पडद्यावर दाखवायचे. प्रसेनजित मागच्या खुर्चीवर बसून चहा प्यायचा. एकदा त्याने हात वर केला. साहेब म्हणाले, बोला. तो म्हणाला, साहेब, लाइट बदला. साहेबांना वाटलं गाडीचा.

लाइट पेटीतला होता. निळा. कंपनीने बसवलेला. त्याने पेटी स्वच्छ दिसायची. जळगाव जामोदकडच्या एका गावात रंगराव नावाचे म्हातारे गेले. त्यांची मुलगी देऊळगाव राजावरून आली. बस बदलत, उपाशी, रडून रडून घसा बसलेला. तिने झाकणातून पाहिलं आणि किंचाळली.

"माह्या बापाले जहर देल्लं! पाहा, निळा पडला, पाहा!"

वहिनी हातात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ट्रे हातातच राहिला. जावई उठले, मुलगे उठले, गळपट्ट्या धरल्या गेल्या. कोणी म्हणालं पोलीस पाटलाला बोलवा, कोणी म्हणालं साप चावला असेल. प्रसेनजितने लाइट बंद केला आणि झाकण उचललं. म्हातारा होता तसा दिसला. सावळा, सुरकुतलेला, शांत. सगळे आपापल्या जागी बसले. पण शब्द तोंडातून गेला तो गेलाच. नणंद-भावजय अजून एकमेकींच्या घरी पाणी पीत नाहीत.

साहेब म्हणाले, निळा लाइट कंपनी फिटिंग आहे, काढता येत नाही. प्रसेनजितने मान हलवली. महिना भरल्यावर चावी टेबलावर ठेवली आणि निघाला.

अकोल्याहून त्याने एक जुनी, बंद पडलेली पेटी आणली. मोईजच्या दुकानामागे दोघांनी ती पार उघडली. मोईज मशीन जुळवत बसला. प्रसेनजित सुतळी घेऊन गावोगाव फिरायला लागला. लोकांच्या चौकटी मापायचा. चौकट मापतो म्हटल्यावर लोकांना वाटायचं घरकुलाचा माणूस आला. खुर्ची मांडायचे, सरबत आणायचे. मग कळायचं कशाची मापं आहेत. एका आजीने त्याला दारातच अडवलं होतं.

"काऊन रे, माह्यासाठी मापून राह्यला का?"

"नाई आजी. तुह्या सासूसाठी."

"ते नाई मरत बाप्पा," आजी म्हणाली. "तू मरशीन, मी मरीन. ते नाई मरत." आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली. आतून सासूने विचारलं, कोण आलं वं?

हे सगळं तो दुकानात येऊन सांगायचा. मोईज हातातलं काम न थांबवता ऐकायचा. पेटी अरुंद झाली. चौघांऐवजी दोघांना उचलता येईल अशी. आत पिवळा दिवा आला, घरात असतो तसा.

तरी चुका व्हायच्याच. सुरुवातीला एका गावात मयत पेटीत ठेवून प्रसेनजित गाडीत जरा पडला. भजनी मंडळ आलं. घरात पिन लावायची जागा एकच. मंडळाने पेटीची पिन काढली आणि माइकची लावली. चांगलं भजन झालं म्हणे. पेटी बंद पडलेली कोणाच्या लक्षात आली नाही. लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता आणि मुंबईचा मुलगा यायच्या आतच मयत उचलावं लागलं.

मोईज भडकला होता. "पिनेले कुलूप लावू. डब्बाच बसवतो लोखंडाचा. पाहू मंग कोन काढते!"

"कुलूप काऊन बे?" प्रसेनजित म्हणाला. "त्याइले बी करंट पाह्यजेच नं."

त्याने एक जास्तीचा बोर्ड आणला, लांब वायरचा. तेव्हापासून पेटी उतरवायच्या आधी तो माइकचा बोर्ड उतरवायचा. कुठे मंडळ नसलं तरी. पुन्हा कोणी पेटीची पिन काढली नाही.

फोन आला की तो एकच विचारायचा. किती वाजता गेले, कशाने गेले, पत्ता काय, हे नंतर. आधी विचारायचा, "कोन यायचं हाय?" रडणारा माणूस थांबायचा, आठवायचा. मुलगा सुरतला हाय. लहानी पोरगी देल्ली हाय तिकडे परतवाड्याले. मग तो त्या येणाऱ्याचा नंबर घ्यायचा आणि त्याला फोन करायचा. "ताई, मी पेटीवाला प्रसेनजित. बाबा ठीक हायेत. सावकाश या."

मोईजने एकदा हे ऐकलं. "ठीक काय बे, पर्स्या? मेला नं तो मानूस."

"तिले रस्ताभर एवढंच पाह्यजे."

"झूट हाय पन."

"पेटीत ठीकच असते. तुह्यावर भरोसा नाई का तुले?"

दोघांचं एकदाच बिनसलं. गेल्या हिवाळ्यात. अन्नपूर्णाबाई म्हणून एक म्हातारी होती, तिचा नवरा पेटीत होता. ती झाकणावर तळहात ठेवून बसली. झाकणावर दव धरलेलं, त्यात तिच्या हाताचा ठसा उमटला. प्रसेनजित पुसायला गेला तर ती पुसू देईना. म्हणाली, हात तरी लावू दे रे बापा, काचेले काय लावू. त्याने झाकण उचललं. मग ठेवलं. मग पुन्हा उचललं. पहाटेपर्यंत तो तेच करत राहिला.

दुसऱ्या दिवशी पेटी दुकानात आणून म्हणाला, इथी खिडकी पाड. हात जाईन एवढी.

"पागल झाला का? फ्रीजले भोक पाडते का कोनी? थंडी निंघून जाईन. मशीन दम नाई घेनार, जळन."

"रबर लाव नं आतून."

"रबर लाव, लाकूड लाव, थंडी जातेच. मशीनचा इचार कर जरा."

"मशीन कोनासाठी हाय बे?"

प्रसेनजितने डब्याचं झाकण घेतलं, पेटीच्या झाकणाला बाजूने टेकवलं आणि काळ्या मार्करने भोवती गोल काढला. "राहू दे इथी. तुह्या मनात येईन तवा पाड," म्हणाला. मग चहा सांगितला. नंतर त्या विषयावर दोघे बोलले नाहीत.

मोईजने आता चादर ओढली तेव्हा तो गोल तिथेच होता.

त्याने गाडी काढली.

प्रसेनजितच्या घरापुढे कडुनिंबाखाली माणसं बसली होती. आत जमिनीवर चटई, चटईवर तो. पांढरी चादर. उशाशी मेणबत्ती लावलेली, ती उन्हाळ्याने वाकली होती. पंखा गरम हवा फिरवत होता. जनकाबाई त्याचा हात मांडीवर घेऊन बसली होती. रडत नव्हती. कोणी आलं की वर बघायची आणि परत हाताकडे.

भाऊराव म्हणजे प्रसेनजितचे काका. ते मोईजला बाजूला घेऊन म्हणाले, "पूनम बंगलोरहून निंघाली. उद्या दिवस मावळता पोचन. फोनवर म्हने, मी आल्याबिगर नेऊ नका. या गरमीत कसं रे?"

"पेटी आनली, काका."

"ते माय ठेवू देईन तवा."

मोईज आत गेला. जनकाबाईसमोर उकिडवा बसला. जे येत होतं तेच बोलला.

"मावशी, मशीन एकदम चांगलं हाय. आत्ताच सर्व्हिस केली म्या."

"चांगलं हाय त ठेव तुह्या दुकानात."

"पूनम येतपर्यंत..."

"त्याले थंडी सहन नाई होत. उन्हायात पाय झाकून झोपे तो. तुले माहीत नाई का? तुह्याइथी किती डाव झोपला." तिने हात आणखी जवळ ओढला. "बंद नका करू त्याले डब्ब्यात."

भाऊराव दारातून म्हणाले, "वहिनी, मंग आज नेऊ. पूनमले समजावू आपन."

जनकाबाईने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही. मग म्हणाली, "त्याच्या बापाच्या वक्ती आपन थांबलो नाई. हा पोट्टा आला त घर रिकामं." मांडीवरचा हात कुरवाळला. "पूनमले नाई तसं होऊ द्याचं."

"मंग पेटी आनू?"

"नको."

दोन्ही खरं होतं. माणसं खाली बघत बसली. मोईजच्या पायाला मुंग्या आल्या, तरी तो उठला नाही. प्रसेनजितचा चेहरा बघायचं त्याने टाळलं होतं. आता बघितला. ओठ जरा उघडे होते, कोणाला काही विचारायचं राहून गेल्यासारखे.

"मावशी," मोईज म्हणाला, "तुले काय पाह्यजे?"

जनकाबाईने वर पाहिलं. असं कोणी विचारेल असं तिला वाटलं नसावं.

"माह्या हाताले लागला पाह्यजे," ती म्हणाली. "बस. मंग कुठी बी ठेवा."

मोईज उठून बाहेर आला. पेटीचं झाकण गाडीतून उतरवलं आणि कडुनिंबाखाली दोन खुर्च्यांवर आडवं ठेवलं. ड्रिल काढलं. त्याला गोल कापायचं पातं लावलं. भाऊराव जवळ आले.

"तडा गेला त?"

"त गेलं सगळं."

"दुसरं झाकन?"

"नाई."

कोणीतरी तांब्या घेऊन पात्यावर पाणी सोडायला बसलं. मोईजने पातं काळ्या रेघेवर टेकवलं. ड्रिल सुरू झालं तसा प्लास्टिक जळाल्याचा वास सुटला. माणसं मागे सरली. झाकण थरथरत होतं. मोईजने दात आवळले होते. तो थोडं कापायचा, थांबायचा, पाणी, पुन्हा थोडं. एकदा कर्र असा आवाज झाला आणि भाऊरावांनी डोळे मिटले. काही झालं नव्हतं. शेवटी एक चकती मातीत पडली. मोईजने कडा घासून मऊ केल्या, आपला पंजा आतबाहेर करून पाहिला. ट्रकच्या जुन्या ट्यूबचा तुकडा आतून लावला आणि त्याला मधोमध चीर दिली.

गाडीतून पेटी उतरवताना त्याच्या हाताला आधी माइकचा बोर्ड लागला. त्याने तो आत नेऊन भिंतीशी ठेवला. माइक आणायचं कोणी ठरवलं नव्हतं.

पेटी चौकटीतून सहज गेली. प्रसेनजितला उचलताना मोईज पायाकडे होता. पिवळा दिवा लागला. झाकण बसलं. जनकाबाईने खिडकीतून हात आत घातला, चाचपडली, मग थांबली. सापडला असावा. पाय त्यांनी चादरीने नीट झाकले होते.

मशीन सुरू झालं ते थांबेना. खिडकीतून थंडी जायचीच. एरवी पेटी गार झाली की मशीन आपोआप बंद व्हायचं, थोड्या वेळाने परत लागायचं. आता ते सारखं चालू. मोईजने बर्फाच्या कारखान्यातून लाद्या आणवल्या, फोडून पोत्यात भरून ट्रेखाली सारल्या. मशीनच्या तोंडाशी दुकानातला कूलर लावला. भंतेजी आले, त्रिशरण झालं, लोक उठले, दुसरे आले. अमीरबी, म्हणजे मोईजची आई, तिने घरून खिचडी पाठवली. ती कोणी खाल्ली, कोणी नाही. मोईज मशीनशेजारी पाठ टेकून बसून होता. आवाज जरा बदलला की कान लावायचा. त्याला रडू येत नव्हतं. फक्त आवाज ऐकू येत होता.

सकाळी त्याने पूनमला फोन लावला. गाडीचा खडखडाट ऐकू आला, कोणा बाळाचं रडणं, मग तिचा आवाज.

"पूनम, मी मोईज."

पलीकडे बाळ रडतच होतं.

"पर्स्या ठीक हाय," मोईज म्हणाला. "सावकाश ये."

गाडी पुलावरून गेली असावी. आवाज मोठा झाला आणि कमी झाला.

"माय कुठी हाय?" पूनमने विचारलं.

"त्याचा हात धरून बसेल हाय."

"पेटीत हाय नं तो? मंग हात कसा?"

"खिडकी पाडली."

पूनम म्हणाली, "मले म्हने तो. मोइज्या पाडीन म्हने, टाइम लागन त्याले."

मोईजने फोन ठेवला आणि मशीनवर ओलं फडकं टाकलं. मशीन तापलं होतं.

ती दिवस मावळता आली. भुसावळला गाडी बदलून, चपलेचा पट्टा तुटलेला, बॅग कोणीतरी हातातून घेतली. दारात थांबली. पिवळ्या उजेडात तिला तो दिसला. ती जवळ गेली, वाकली आणि खूप वेळ बघत राहिली. बायका रडायला लागल्या. ती रडली नाही.

"झोपल्यावानी नाई दिसत," ती आईला म्हणाली.

"नाई," जनकाबाई म्हणाली.

"मी त्याले दरवेळी तसंच सांगे."

मग ती आईच्या शेजारी बसली. आईचा हात खिडकीतून बाहेर काढायला गेली तर तो निघेना. बोटं पांढरी पडली होती, आखडली होती. पूनमने ती एकेक करून सोडवली. दोन्ही हातांत घेऊन चोळत राहिली. जनकाबाई बघत होती, जणू तो दुसऱ्याच कोणाचा हात आहे. पूनमने मग आपला हात आत घातला.

भाऊरावांनी बाहेरून विचारलं, नेऊ का आता? पूनमने मान डोलावली. आणखी थोडा वेळ कोणी हाललं नाही. मग नेलं.

मोईजही खांदा देऊन आला. परत आला तेव्हा अंगणात पाणी शिंपडलेलं होतं. पेटी उचलून न्यायची म्हणून तो आत गेला. झाकण कोणीतरी सवयीने परत बसवलं होतं. पिन तशीच, दिवा तसाच, मशीन चालू. जनकाबाई तिथेच बसली होती. तिने खिडकीतून हात आत घातला होता.

"मावशी," मोईज म्हणाला.

"काई समजून नाई राह्यलं हाताले," ती म्हणाली. "नेला का त्याले?"

"हाव, मावशी. नेला."

"पूनम पोचली?"

"हाव. पाह्यलं तिनं."

तिने मान हलवली. हात काढला नाही.

मोईजने बटणाकडे हात नेला आणि तसाच मागे घेतला. मशीनशेजारी त्याच्या जागेवर जाऊन बसला. आत कोणी नव्हतं. पेटी चालू होती.